पालकाच्या रकान्यात कोण?

महिन्यातून एका रविवारी मी चारकोपमधल्या एका हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन बसते. आठवडाभर ऑफिसात कोड लिहायचा आणि इथे दिव्यांग मुलांच्या यूडीआयडी कार्डाचे अर्ज भरायचे. आधार, पत्ता, मग दिव्यांगत्वाचा प्रकार. १९९५च्या कायद्यात असे ७ प्रकार होते, स्वमग्नता त्यांत नव्हती. २०१६च्या कायद्याने ते २१ केले. सगळ्यात जास्त वेळ फोटोला जातो. मूल कॅमेऱ्याकडे बघत नाही. आई टाळ्या वाजवते, मी मोबाईलवर गाणं लावते.

मागच्या महिन्यात डहाणूकरवाडीहून एक मावशी आल्या. मुलगा सतरा वर्षांचा, त्यांच्याहून उंच. अर्ज भरून झाला तरी त्या उठेनात.

"अठरा पूर्ण झाल्यावर याची सही कोण करणार गं?"

मी पाठ असलेलं सांगितलं. अठराव्या वर्षी कायद्याने मूल सज्ञान होतं, मग आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. समितीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आपल्या उपनगरचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे.

"ते करीन मी. पण माझ्यानंतर? बहीण आहे याला, पण तिचं लग्न व्हायचंय. तिच्यावर कसं टाकू?"

मला पुढे बोलता येईना. माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा आहे. स्वमग्न आहे. हॉलमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं. मला बघायला पाहुणे येतात तेव्हा आई त्याला टॅब देऊन आतल्या खोलीत बसवते आणि मी गप्प राहते. लोकांचे अर्ज भरणारी मी, आमच्या घरचा पालकत्वाचा अर्ज मात्र वर्षभर कपाटात पडून. आईबाबांनंतर कोण, हा प्रश्न निघाला तर उत्तर मीच, म्हणून मी तो कधी काढलाच नाही.

"तिला विचारलंत का कधी?" मी म्हटलं.

"नाही गं. कोणत्या तोंडाने विचारू?"

त्या रात्री जेवताना मी आईला म्हटलं, "बाबूचा अर्ज भरूया. पुढे मी आहे, पण मला एकदा विचार तरी." आईने ताटातला भात चिवडला. "तू नाही म्हणालीस तर, या भीतीने नाही विचारलं," ती म्हणाली. बाबा उठून कपाटातली फाईल घेऊन आले.

परवाच्या रविवारी बाबू माझ्याबरोबर हॉलमध्ये आला. खुर्च्या एका रेषेत लावल्या, पंख्याकडे बघत बसला. ताईंनी विचारलं, "हा कोण?"

"माझा भाऊ," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात एक स्थळ येणार आहे. या वेळी टॅब चार्ज करायचा नाही, असं आईला सांगून ठेवलंय.