चेहऱ्याची लाली

नाजूक त्वचेवरची लाली म्हणजे वरच्या थरालगतच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावणे. ऊन, वाफ, तिखट, मद्य किंवा ताण यांनी त्या काही वेळ फुलतात. रोझेशिया या विकारात मात्र गाल आणि नाक सतत तांबूस राहतात. सावळ्या वर्णावर ही लाली लाल दिसत नाही, तपकिरी वा जांभळट झाक येते, म्हणून ती ओळखायला उशीर होतो. गाल चटचटणे, साधे पाणीही झोंबणे, या तिथे अधिक भरवशाच्या खुणा.

त्वचेचा सामू 5 च्या आसपास असतो, साबणाच्या वडीचा 9 ते 10. दिवसातून चार वेळा साबण, वर डाळीच्या पिठाने खसाखस घासणे आणि लिंबू, यांनी संरक्षक थरच निघून जातो. कोमट पाणी, सौम्य फेसवॉश, ओलसर चेहऱ्यावरच बिनवासाचे मॉइश्चरायझर आणि सकाळी झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन, एवढे बहुतेकांना पुरते. लाली टिकून राहिली तर डॉक्टर अ‍ॅझेलिक आम्ल किंवा मेट्रोनिडाझोल देतात.

सर्वांत वाईट नुकसान करतात ती गोरेपणासाठी लावली जाणारी स्टिरॉइडची मलमे. सुरुवातीला चेहरा उजळतो, मलम थांबवताच भाजल्यासारखा लाल होतो, आणि म्हणून पुन्हा तेच मलम चोळले जाते. 2018 साली सरकारने अशी 14 औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल हे नाव दिसले, तर ती स्वतःच्या मनाने चेहऱ्याला लावू नये. लावत असल्यास ती सोडवण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञच गाठावा.