छायाचित्रांतील छाया

फोटोग्राफ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ‘प्रकाशानें लिहिलेलें’ असा आहे. आपण मात्र त्यास छायाचित्र म्हणतों, आणि हें नांव ज्या कोणी योजिलें असेल त्याच्या रसिकतेचें आम्हांस कौतुक वाटतें. पुराणकारांनीं सूर्याच्या घरीं संज्ञेप्रमाणें छायाही नांदविली आहे. छायेवांचून गालास गोलाई नाहीं आणि नाकास उंची नाहीं. कॅमेऱ्याच्या माथ्यावर बसविलेला फ्लॅश नेमकी हीच छाया पुसून टाकितो, आणि बरें दिसणारें तोंड पोळपाटासारखें सपाट होतें.

त्याहून मोठा दोष अंतराचा. दिव्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश निम्मा होत नाहीं, चतुर्थांश होतो. पहिली रांग २ मीटरांवर व शेवटची ४ मीटरांवर असेल, तर पुढच्यांचे चेहरे पांढरेफटक पडतात आणि मागच्यांचें अस्तित्व अनुमानानेंच जाणावें लागतें. आमच्या घरीं १९७४ सालच्या एका मुंजीचें असें चित्र आहे. पुढें वडीलधारे पुरुष, मध्यें सवाष्णी, आणि अगदीं मागें खांबाच्या कडेस आमच्या आत्या. त्यांना वैधव्य फार लवकर आलें. मागें उभें राहा, असें त्यांना कोणी सांगावें लागत नसे. त्या चित्रांत त्यांच्या चष्म्याची एक कांच तेवढी चमकते. शास्त्राचा नियम आणि घराचा नियम, दोहोंनीं मिळून त्यांना अंधारांत ठेविलें.

गेल्या वैशाखांत नातवाच्या मुंजीस आमच्या पुतण्यानें तीन फ्लॅश आणिले. त्यांना तारा नव्हत्या. अमेरिकेंतील ओ. विन्स्टन लिंक यानें १९५५ ते १९६० या काळांत वाफेचीं इंजिनें रात्रीं टिपलीं, तेव्हां त्यास अनेक बल्ब तारांनीं जोडून ठेवावे लागत. येथें कॅमेऱ्यावर लहानसा प्रेषक असतो. तो रेडिओलहरींनीं आज्ञा करितो आणि तिन्ही दिवे एकाच क्षणीं उजळतात. प्रत्येकाचें बळ कॅमेऱ्याजवळूनच कमीजास्त करतां येतें. प्रकाशाच्या संकेतावर चालणाऱ्या दिव्यांस बहुधा परस्परांची दृष्टादृष्ट लागते; रेडिओलहरींस आमच्या ओसरीचे सागवानी खांब आड आले नाहींत.

भिक्षावळ आटोपून दिवेलागण झाली होती. पहिला दिवा पुतण्यानें पांढऱ्या छत्रीआड अंगणांत डावीकडे, उंचावर, पुढच्या रांगेपासून ६ मीटरांवर ठेविला. त्यामुळें ८ मीटरांवरील मागच्या रांगेस पुढच्यांच्या निम्म्याहून किंचित् अधिक प्रकाश मिळाला. दुसरा उजवीकडे, पुष्कळच मंद. छाया विरळ व्हावी, नाहींशी होऊं नये, एवढ्यापुरता. समईचा उजेडही त्यास हवा होता. फ्लॅश क्षणार्धांत विझतो, समई तेवत राहते. म्हणून झडप सेकंदाचा १५ वा भाग उघडी ठेविली कीं समईची ज्योत चित्रांत येते. ही युक्ति आम्हांस सर्वांत आवडली.

“आणि तिसरा?” आम्हीं विचारलें.

“काका, तो आत्याआजींसाठीं. पुढें येऊन बसा म्हणून दोनदां सांगितलें. येत नाहींत.”

आत्या खांबाशींच होत्या. “मी इथेंच बरी रे बाळा,” एवढेंच त्या म्हणाल्या. त्यांनीं पहिल्या रांगेंत, बटूच्या शेजारीं बसावें असें आमचें स्पष्ट मत होतें व आहे. परंतु नव्वदीच्या माणसास हात धरून पुढें ओढणें हाही एक जुलूमच. पुतण्यानें वाद घातला नाहीं. तिसरा दिवा त्यानें खांबाजवळ नेला. चष्म्यावर पडलेला प्रकाश ज्या कोनानें येतो त्याच कोनानें परततो, म्हणून तो परतून कॅमेऱ्यांत शिरूं नये इतका दिवा वर व बाजूस सरकविला. कांच निवळली आणि मागचे डोळे दिसूं लागले.

छापील प्रत आली तेव्हां आत्यांनीं ती बराच वेळ न्याहाळली. मग आणखी एक प्रत मागवून सासरच्या घरीं धाडावयास सांगितली. तेथील पत्ता त्यांना अजून तोंडपाठ होता.