भाऱ्याखाली चाक

अंबरनाथ, वैशाख

तीर्थस्वरूप आत्यास,


पाडव्याला तुझ्याकडे आलो होतो, त्या सकाळपासून हे पत्र मनात आहे. ऊन चढलं होतं. तू डोंगराकडून उतरत होतीस, मागे वाडीवरच्या चौघीजणी. अंगणात येऊन मोळी टाकलीस, चुंबळ काढलीस, पदराने मान पुसलीस आणि मला विचारलंस, 'जेवलास का?' तुझी मोळी मी डोक्यावर घेऊन पाहिली. अंगणातून गोठ्यापर्यंत गेलो तेवढ्यात मान अवघडली. मग शेजारून भाताचा वजनकाटा मागून आणला. मोळी भरली 27 किलो. तुलाही काट्यावर उभं केलं, तू भरलीस 46. निम्म्याहून जास्त वजन डोक्यावर घेऊन तू तीन किलोमीटर उतरून आली होतीस, तेही घरात पाणी भरून आणि भाकऱ्या थापून झाल्यावर.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर काही शास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता, तो 1986 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आला. त्या बायका आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचा भार घेऊन चालल्या, तरी शरीराला जास्तीची शक्ती खर्चावी लागली नाही. लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या चालण्याची ती करामत आहे. तुझी चालही तशीच आहे, मान न हलवता, कमरेतून. पण वीस टक्के म्हणजे तुझ्या बाबतीत जेमतेम नऊ किलो. तिथून पुढे ओझ्याची किंमत मोजावी लागते. सत्तावीसातले अठरा किलो तू रोज तुझ्या मानेतून आणि गुडघ्यांतून फेडतेस. रात्री अमृतांजन चोळत बसतेस, ते त्या अठरा किलोंचं.

'गॅस आहे ना, मग लाकडं कशाला?' असं मला इथले मित्र विचारतात. गॅस आहे, पण सिलिंडर संपला की दुसऱ्याचे पैसे जमेपर्यंत दिवस जातात. अंघोळीचा बंब लाकडावर, गुरांचं आंबोण लाकडावर, आणि तांदळाची भाकरी चुलीशिवाय तुला रुचत नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी मिरगाच्या आत पडवीत रचून झाली पाहिजे. म्हणून लाकडं सोड, असं मी तुला सांगणार नाही. लाकडं घरी येतील. ती तुझ्या डोक्यावरून येऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं आहे.

आत्या, आपल्या भागात चाक कमी नाही. बदलापूरवरून खोपोलीकडे आगगाडी गेली ती 1856 मध्ये. अंबरनाथला विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना 1920 च्या दशकात उभा राहिला, लाकूड हा तिथला मुख्य कच्चा माल होता. कारखान्याच्या लाकडाला चाक मिळालं, चुलीच्या लाकडाला मिळालं नाही. बैलाच्या मानेचासुद्धा विचार झाला. लाकडी चाकाच्या जागी हवेचे टायर आणि बेअरिंग आले, डनलॉप गाडी आली, बैलाची ओढ कमी झाली. बंगळुरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारावी आणि बैलांचे हाल थांबावेत म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. मोठं काम होतं ते. पण बाईची मान कोणाच्या कागदावर आली नाही, कारण चुलीपर्यंतच्या लाकडाची पावती कुठे फाटत नाही. ज्या ओझ्याचे पैसे मिळतात त्याला चाक मिळतं. माझी सगळी नोकरी फिटर म्हणून गेली, दुसऱ्यांच्या मालासाठी ट्रॉल्या बनवण्यात गेली, आणि तुझ्यासाठी एक गाडी बनवायला मला इतकी वर्षं लागली. याचं मला फार वाईट वाटतं.

आता गाडीविषयी सांगतो.

आधी तुझी वाट मोजली. दोन रविवार टेप घेऊन तुझ्या वाटेने चाललो. करवंदीच्या जाळ्यांमधून वाट सर्वांत अरुंद आहे तिथे साडेतीन फूट. पुढे ओढ्याचे दगड, मग उतार, मग भाताची खाचरं. कापणीनंतर खाचरं मोकळी असतात, पण प्रत्येक खाचराला बांध, आणि बांध फूटभर उंच. म्हणजे गाडी तीन फुटांहून रुंद नको, पोट जमिनीपासून बरंच वर हवं, आणि चाक मोठं हवं. लहान चाक दगडाला अडतं, मोठं चाक त्यावर चढतं. स्कूटरची चाकं स्वस्त मिळत होती, ती घेतली नाहीत.

चाकं उल्हासनगरहून आणली. तू त्या गावाला अजून 'कॅम्प'च म्हणतेस. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली कल्याणची लष्करी छावणी होती ती. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथल्या बराकींत येऊन राहिली आणि 1949 मध्ये त्या वस्तीला आपल्या उल्हास नदीचं नाव मिळालं. सगळं मागे टाकून आलेल्या त्या माणसांनी हाताला लागेल त्यातून धंदा उभा केला. त्या गल्ल्यांत आजही मोडकी वस्तू कोणी मोडकी समजत नाही. एका भंगारवाल्या काकांकडे मोटरसायकलची पुढची दोन चाकं मिळाली, 18 इंची, ड्रम ब्रेकसकट. आरे सरळ होते. बेअरिंग मात्र खरखरत होती, ती नवी घातली. कशासाठी पाहिजेत असं काकांनी विचारलं. मी सांगितलं तसे ते आत गेले आणि दोन ट्यूब आणून हातावर ठेवल्या, पैसे घेतले नाहीत.

पहिली गाडी फसली, तेही तुला सांगायला हवं. चौकटीच्या दोन्ही बाजूंना बाहेर चाकं काढली होती, हातगाडीला असतात तशी. ऐंशी किलो वाळूच्या गोणी भरून माळावर नेली. दुसऱ्याच खड्ड्यात डावं चाक आत कललं आणि टायर चौकटीला घासायला लागला. चूक माझी होती. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाची आस जेमतेम बोटाएवढी जाड असते. ती दोन्ही बाजूंनी धरलेली असते म्हणून टिकते. मी ती एकाच बाजूने धरली होती, ती वाकणारच. इतकी वर्षं या धंद्यात काढून हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. माळावर त्या जागी तू असतीस तर भरली गाडी तुझ्या पायावर आली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरी गाडी पहिल्यापासून नव्याने केली. आता प्रत्येक चाक दोन पट्ट्यांच्या मध्ये बसतं, आस दोन्ही टोकांना धरलेली. चौकट 40 मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाची. आधी नुसते टाके मारले, मग दोन्ही कर्ण मोजले. ते सूतभर चुकले तरी गाडी एका बाजूला ओढते आणि वाटभर मनगट तिला सावरत राहतं. कर्ण सारखे आल्यावरच पूर्ण वेल्डिंग केलं. पाइप पातळ, म्हणून बारीक रॉड आणि कमी करंट, नाहीतर पाइपाला भोक पडतं. दोन चाकांना जोडणारी आडवी आस ठेवलीच नाही, त्यामुळे मधला भाग मोकळा राहिला आणि बांधाचा माथा खालून निघून जातो. चारी कोपऱ्यांवर बैलगाडीसारखे खुंट आहेत, ते काढता येतात. लाकडं लांबीतच रचायची, आडवी नाहीत, नाहीतर करवंदीत अडकतील.

तोल साधायला सगळ्यांत जास्त वेळ गेला. माझे आजोबा बैलगाडी भरताना म्हणायचे, गाडी मागे उलाळ नको आणि बैलाच्या मानेवरही नको. ते तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं. जुन्या चिनी एकचाकी गाडीत मोठं चाक भाराच्या बरोबर खाली असतं, त्यामुळे वजन चाक पेलतं आणि माणूस फक्त दिशा देतो. तेच सूत्र धरलं. चाकांची आस लाकडं रचायच्या साट्याच्या मध्यापासून चार बोटं मागे घेतली. भरलेल्या गाडीची दांडी हातात धरली की पाच-सहा किलो वजन लागतं. तेवढं हवंच. दांडी अगदी हलकी असली तर चढावर गाडी उलाळ होते आणि दांडी हातातून वर उडते.

तुझ्या वाटेला भरली खेप उताराला आहे, म्हणून ब्रेकशिवाय गाडी तुझ्या हातात देणार नव्हतो. चाकांचे ड्रम ब्रेक कामाला आले. दांडीच्या दोन्ही मुठींना एकेक लिव्हर आहे. ब्रेकची प्लेट चौकटीला अडकवावी लागते, नाहीतर चाकाबरोबर तीही फिरते आणि ब्रेक लागतच नाही. तिथे जाड पट्टी वेल्ड केली आहे. लिव्हर घट्ट होत्या, तुझ्या बोटांना जड गेल्या असत्या. त्या बदलून लांब घेतल्या.

रिकामी गाडी भरली 41 किलो. तीन मोळ्यांएवढं वजन घालून सपाट मातीवर ओढली आणि मध्ये स्प्रिंगचा काटा लावला. काटा नऊ-दहाच्या आसपास राहिला. दहा किलोच्या ओढीत 81 किलो लाकूड येतं, आणि मानेवर एक काटकीसुद्धा नाही.

माळावरून परतल्यावर तुला फोन केला तेव्हा तू खूश होशील असं वाटलं होतं. तू थोडा वेळ गप्प राहिलीस आणि म्हणालीस, 'डोक्यावर मावतं तेवढंच आपण डोंगराचं घेतो. गाडी आली की हात आवरेल का?' आत्या, इतके दिवस मी मोजमापं करत होतो, पण हे माप माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुझी मान हीच डोंगराची राखण होती. कोणताही कायदा न वाचता तुम्ही बायकांनी सुकी काटकीच वेचली, ओल्या फांदीला कोयता लावला नाही. चाक आलं की ओझ्याची मर्यादा सुटते, आणि सुटली की टेम्पोही येतो.

म्हणून साटा मुद्दाम लहान ठेवला. तीन मोळ्यांच्या वर त्यात मावणार नाही, खुंट उंच करायलाही जागा ठेवली नाही. तू आठवड्याला सहा मोळ्या आणतेस. सहाच आण. खेपा मात्र सहाच्या जागी दोन होतील. उरलेल्या चार सकाळी डोंगराच्या नाहीत, घराच्याही नाहीत, त्या तुझ्या आहेत. बसून राहा, देवळात जा, बहिणीकडे जा.

आणखी एक. वाडीवरच्या ठाकूर-कातकरी बायका तुझ्याबरोबर असतात, त्यांनाही गाडी दे. जंगलात वेचलेलं घरी नेण्याचा त्यांचा हक्क वनहक्क कायद्याने मान्य केला, तो कायदा 2006 चा. त्याच्या 2008 च्या नियमांत गौण वनोपज, म्हणजे काटक्यांसारख्या जंगलातल्या वस्तू, नेण्याची साधनं लिहिली होती: डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी. 2012 मध्ये त्याजागी 'योग्य साधन' असा शब्द आला. म्हणजे हातगाडी कायद्याच्या कागदावर कधीच पोचली होती, वाडीवर पोचली नाही. ती पोचवणं आमच्यासारख्या वेल्डिंग येणाऱ्यांचं काम आहे. अंबरनाथच्या एमआयडीसीत असे हात थोडे नाहीत, आणि त्यांतल्या कितीतरी जणांच्या आया-आत्या आजही मोळ्या वाहतात. हे पत्र त्यांनीही वाचावं म्हणून उघडं लिहितो आहे. गाडीचं मापांसकट रेखाटन मी कोणालाही देईन. अट एकच, गाडी करण्याआधी जी ओढणार तिची वाट चालून या.

गाडी घरात आली की पुरुष म्हणतील, आण इकडे, सिमेंटच्या गोणी आणतो. देऊ नकोस. आजवर चाक आलं की ते घरच्या पुरुषाच्या हाती गेलं आणि भारा बाईच्या डोक्यावर राहिला. ही गाडी तुझी आहे. दांडी तुझ्या उंचीची आहे, माझ्या कमरेला ती खाली पडते, मला वाकावं लागतं.

आपल्या गावाला बदलापूर का म्हणतात, हे तूच मला लहानपणी सांगितलं होतंस. लांबून आलेले दमलेले घोडे इथे बदलायचे, म्हणून बदलापूर. खरं-खोटं देव जाणे, पण दमलेल्याला बदली देण्याची ती रीत मला फार आवडायची. तुझ्या मानेला मात्र या गावात कोणी बदली दिली नाही. आईला दिली नाही, आजीला दिली नाही.

रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. चुंबळ टाकू नकोस, हंड्याला लागेल. दांडीची उंची मी पाडव्याच्या दिवशी नजरेने धरली आहे, म्हणून बोल्टाला भोकं तीन पाडली आहेत. तू दांडी धरून उभी राहा. जिथे तुझे खांदे सैल पडतील, त्या भोकात मी बोल्ट कसतो.

तुझा,
भाचा