शेवटच्या खांबावरचं घर

वादळात वीज एका फटक्यात जाते, परत येते ती मात्र टप्प्याटप्प्याने. आधी उपकेंद्र उभं राहतं, मग 33 केव्हीची वाहिनी, मग 11 केव्हीची, मग डीपी म्हणजे रोहित्र, मग खांबांवरची लघुदाबाची तार आणि सगळ्यात शेवटी घरात उतरणारी सर्व्हिस वायर. दवाखाना, पाणीयोजना, बाजारपेठ यांचा नंबर पहिला, कारण तिथला एक डीपी चालू झाला की शेकडो घरं उजळतात. डोंगराच्या अंगाला वसलेल्या सात-आठ घरांच्या वाडीसाठीही तितकेच खांब, तितकीच माणसं लागतात आणि उजळतात ती सात-आठ घरंच. हिशेब चोख आहे. फक्त त्या घरांत कोण अंथरुणाला खिळलंय, हे त्यात कुठेच धरलेलं नसतं.

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरुडच्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब मुळापासून वाकले. वर करोनाची टाळेबंदी. मोबाइलचे टॉवर बंद पडल्यामुळे पनवेल-मुंबईतल्या मुलांना गावाकडे आई-बाप कसे आहेत हेही कळेना. काही गावांत वीज यायला आठवडे लागले. ताडपत्र्या, मेणबत्त्या आणि धान्य घेऊन निघालेल्या एका गटाबरोबर मी तेव्हा श्रीवर्धन तालुक्यात फिरत होतो.

एका वाडीत शेवटच्या खांबाला लागून एक घर होतं. खांब अंगणात पडलेला, तारा गोठ्यावर. घरातला माणूस पूर्वी माडावर चढून नारळ काढायचा. काही वर्षांपूर्वी वरून पडला, मणका मोडला, कमरेखालचं सगळं गेलं. गावात त्याला सगळे दादा म्हणतात. दादा एअर बेडवर असतो. त्या गादीत पंप आळीपाळीने हवा भरतो, त्यामुळे अंगाची एकच जागा दाबली जात नाही आणि पाठीला जखमा होत नाहीत. वीज गेली, पंप थांबला, गादी बसली. मग वहिनींनी सुरू केलं ते दर दोन तासांनी नवऱ्याला कुशीवर वळवणं. दिवसा आणि रात्रीही. एकट्या बाईने पुरुषाचं निर्जीव अंग वळवायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. आम्ही पोचलो तेव्हा दादाच्या माकडहाडावर रुपयाएवढी लाल-काळी जागा झाली होती. वहिनी म्हणाल्या, “एकदा पहाटं डोळा लागला माझा. तेवढ्यात झालं.”

हा पंप खातो किती वीज? दहा वॉटच्या आसपास, म्हणजे एका एलईडी दिव्याइतकी. वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका लॉजचा जनरेटर धडधडत होता आणि तिथे मोबाइल चार्ज करून घ्यायला रांग लागलेली. फोनमागे वीस रुपये. दर मला तरी फारसा गैर वाटला नाही, डिझेल त्यालाही सहज मिळत नव्हतं. पण दादाला सोडून वहिनींनी रांगेत उभं कसं राहायचं? फोन बंद, म्हणून कुणाला बोलावता येत नाही. आणि कुणाला बोलावता येत नाही, म्हणून फोन बंद. दादाला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1000 रुपये मिळायचे. तेही बँकेत अडकलेले, कारण वीज नाही तर बँकेला नेटवर्क नाही. शेवटी शेजारच्या रिक्षावाल्याने आपल्या रिक्षाची बॅटरी काढून आणली. आमच्या गाडीत मोबाइल-लॅपटॉपसाठी ठेवलेला छोटा इन्व्हर्टर तिला जोडला आणि पंप चालू झाला. टाळेबंदीत रिक्षा नाहीतरी उभीच होती.

त्याच गावात एक कर्णबधिर मुलगी भेटली, नुकतंच लग्न होऊन आलेली. हातवारे आणि ओठांची हालचाल, यांवर तिचं बोलणं. दिवस मावळला की घरातलं तिचं संभाषणच संपायचं. नवरा विजेरी स्वतःच्या तोंडावर धरून बोलायचा. पण सेल जपून वापरायचे होते, म्हणून बोलणंही मोजकंच. इतरांच्या घरी अंधारात गप्पांना उलट ऊत आलेला.

कातकरी वाडीवर वेगळाच प्रकार. तिथे बऱ्याच घरांना मीटरच नव्हता, त्यामुळे वीज खंडित झालेल्या ग्राहकांच्या आकड्यात ही घरं येण्याचा प्रश्नच नाही. शेजारच्या खांबावरून घेतलेला एखादा दिवा असायचा, तो गेला. रॉकेलची चिमणी लावावी, तर गॅस घेतलेल्यांचं रेशनचं रॉकेल बंद झालेलं. विहिरीवरचा पंपही बंद, म्हणजे पाणी रहाटाने ओढायचं. एका पायाने अधू असलेली एक आजी कुबडी सांभाळत कळशी कशी आणणार? ती नातवाच्या वाटेकडे डोळे लावून बसायची.

अशी वादळं आता नवलाची राहिलेली नाहीत. अरबी समुद्राचं पाणी तापतंय. 2019 या एकाच वर्षात त्यात पाच चक्रीवादळं उठली. निसर्गनंतर वर्षही झालं नव्हतं तोच मे 2021 मध्ये तौक्ते कोकण किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. त्याच वर्षी 22 जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. तिथल्या एका कोविड रुग्णालयात पुरामुळे यंत्रणा बंद पडली आणि 8 रुग्ण दगावल्याच्या बातम्या आल्या. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरोघरी पोचले ते याच काळात. पाच लिटरचं यंत्र तीनशे वॉटच्या वर वीज घेतं. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे एएचची बॅटरी त्याला तीन-चार तासांवर पुरत नाही. इन्व्हर्टर परवडणाऱ्याची ही कथा. बाकीच्यांचं काय बोलावं!

कायदा आपल्याकडे आहे आणि बरा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 8 सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवावी. निसर्गच्या आदल्याच वर्षी, 2019 मध्ये, राष्ट्रीय प्राधिकरणाने यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही काढल्या. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांवर दिव्यांग नोंदले गेले होते, म्हणजे कुणी मोजलंच नाही असं नाही. ब्रिटनमध्ये वीजवितरण कंपन्या घरी वैद्यकीय यंत्र असलेल्या ग्राहकांची वेगळी नोंदवही ठेवतात आणि वीज गेली की आधी त्यांना फोन करतात. फोन केल्याने वीज येत नाही, हे खरं. पण कुणाकडे धावत जायचं, हे तरी कळतं.

निसर्गनंतर तालुक्याच्या एका कार्यालयात मी दिव्यांगांच्या यादीबद्दल विचारलं. याद्या निघाल्या, एक नाही, तीन. निराधार योजनेच्या लाभार्थ्यांची एक, दिव्यांग प्रमाणपत्रांची दुसरी, ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या 5 टक्के निधीची तिसरी. तिन्हींत दादाचं नाव होतं. एकीतही त्याचा वीज ग्राहक क्रमांक नव्हता, की घरी कुठलं यंत्र आहे याचा रकाना नव्हता. समोरचा कर्मचारी भला होता. त्यानेही स्वतःच्या घराचे पत्रे आदल्या रात्रीच चढवले होते. तो म्हणाला, “साहेब, ही यादी पैसे वाटायची आहे.”

वहिनींनी मग स्वतःच काम हातात घेतलं. पावसाळा संपल्यावर त्या बचत गटातल्या बायकांना घेऊन आसपासच्या वाड्यांत फिरल्या आणि वहीच्या पानावर घरं उतरवून काढली. कुणाकडे नेब्युलायझर, कुणाचं इन्सुलिन फ्रिजमध्ये, कुणाची गादी, घराजवळच्या खांबाचा नंबर काय. तो कागद त्यांनी गावच्या वायरमनच्या हातात दिला. त्याने तो घडी घालून खिशात ठेवला आणि तौक्तेच्या वेळी आठवणीने बाहेर काढला. वाडीची तार जोडायला त्यालाही वरून परवानगी लागत होती, ती लगेच मिळाली नाही. पण तोवर त्याने दोन घरी बॅटऱ्या पोचवल्या. पुढे त्याची बदली झाली. नव्या वायरमनला वहिनींनी यादीचं विचारलं, तेव्हा त्याने उलट विचारलं, “कसली यादी?” तेव्हा त्यांनी मुलीला समोर बसवून सगळी घरं पुन्हा लिहून काढली, आणि या वेळी झेरॉक्स काढून एक प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घेतली.