काँप्युटरची जुळणी : थोडे रसायन, थोडा हिशेब

मंडळाच्या कार्यक्रमांत आमच्याकडे खाते असते ते खुर्च्या, माइक आणि लांबलचक वायरींचे. त्यामुळे वायर असलेली प्रत्येक वस्तू आम्हाला कळते असा समज सभासदांत पसरला आहे. हल्ली पालक मंडळी आम्हाला बाजूला घेऊन विचारतात, "अहो, आमच्या मुलाला खेळांसाठी काँप्युटर स्वतः बांधायचा आहे म्हणे. कोणते पार्ट घ्यावेत?" प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावे असे ठरवले. आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ, काँप्युटरचे इंजिनिअर नव्हे. पण २०२४ च्या उन्हाळ्यात चिरंजिवांबरोबर असा एक काँप्युटर जुळवला, आणि तोही अशा दिवसांत की प्रत्येक डॉलर दोनदा मोजावा लागत होता. त्याची ही हकिकत.

तसा हा प्रकार आपल्याला परका नाही. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरांत पहिल्यांदा जे काँप्युटर आले त्यांतले कितीतरी 'असेंबल्ड'च होते. मुंबईला लॅमिंग्टन रोड, पुण्याला तपकीर गल्ली. ओळखीतला एखादा हुशार मुलगा यादी करून देई, वडील ती खिशात घालून चार दुकाने हिंडत, आणि संध्याकाळी रिक्षातून खोकी घरी येत. हळदकुंकू वाहून झाले की अभ्यासासाठी आणलेल्या त्या यंत्रावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' सुरू होई. आज तीच यादी आपली मुले इंग्रजीतून करतात, इतकाच फरक.

आमच्या चिरंजिवांनी, वय वर्षे बारा, जानेवारीत पहिली यादी आणून दिली. तिच्या शिरोभागी आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड विराजमान होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते बाजारात आले तेव्हा त्याची किंमत १५९९ डॉलर होती आणि ते एकटे ४५० वॅटपर्यंत वीज खाते. आमची या देशातली पहिली गाडी त्याहून स्वस्तात आली होती. आम्ही रागावलो नाही. फक्त विचारले, "काय खेळणार? कोणत्या पडद्यावर? कोणाबरोबर?" उत्तर आले : 'माइनक्राफ्ट' आणि 'रॉकेट लीग', आणि बरेचसे नाशिकच्या आतेभावाबरोबर.

हा आतेभाऊ महत्त्वाचा. उन्हाळ्यात आमच्याकडे शनिवारचे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा नाशिकला रविवारची सकाळचे साडेसहा झालेले असतात. शाळेसाठी तीन हाका मारल्याशिवाय न उठणारा तो मुलगा त्या वेळी आंघोळ करून बसलेला असतो. आणि कानाला हेडफोन लावून आमचे चिरंजीव जे मराठी बोलतात ते मंडळाच्या मराठी शाळेत आम्ही कधी ऐकलेले नाही. "अरे मागे बघ, पळ, थांब, मला वाचव" अशी आज्ञार्थाची सगळी रूपे बिनचूक! तेव्हा काँप्युटर घ्यायचा हे ठरले. चिरंजिवांनी दिवाळीचे आणि शेजाऱ्यांचे गवत कापल्याचे मिळून ३४० डॉलर साठवले होते. उरलेले आम्ही घालायचे, एकूण मर्यादा हजार डॉलरची, आणि मुहूर्त जुलैतल्या वाढदिवसाचा.

मे महिन्यात आमच्या प्रयोगशाळेचा विभाग बंद होत असल्याचे कळले. जूनअखेर शेवटचा दिवस. वाचकांपैकी अनेकांना पुढचे सांगायला नको. एच-१बी वर असलेल्या माणसाची नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज भरावा, दुसरी काही सोय करावी, नाहीतर निघावे. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही आहोतच, पण त्या उन्हाळ्यात भारतीयांच्या ईबी-२ रांगेत २०१२ च्या तारखांवर काम चालू होते. सौ.ची नोकरीही आमच्याच व्हिसाच्या खुंटीला टांगलेली. घरात अमेरिकन पासपोर्ट एकच, तो चिरंजिवांकडे.

आम्ही यादी कपाटात ठेवून दिली. ती परत बाहेर काढली चिरंजिवांनीच. म्हणाले, "बाबा, आपल्याला इंडियाला जावे लागले तर हा काँप्युटर तिथे चालेल का?" पोरगा कार्ड मागत नव्हता. आपले काय होणार आहे हे त्याला जमेल त्या शब्दांत विचारत होता. सौ. म्हणाली, "कबूल केले आहे ना? मग घ्यायचा. पण इथेच अडकून पडेल असा घ्यायचा नाही."

त्या एका वाक्याने आमची निवड सोपी झाली. कागदावर तीन रकाने आखले : सोबत नेता येईल असे, इथे सोडता येईल असे, आणि भारतातल्या विजेवर चालेल का. प्रत्येक वस्तू या तीन रकान्यांतून गेल्याशिवाय घ्यायची नाही.

सुरुवात पडद्यापासून केली. पुष्कळ लोक तो शेवटी घेतात, पण काम किती आहे हे पडदाच ठरवतो. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २१ लाख ठिपके असतात. ज्याला '४-के' म्हणतात त्यावर सुमारे ८३ लाख, म्हणजे बरोबर चौपट. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर जेमतेम ७. एवढ्या वेळात सगळे ठिपके रंगवायचे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. चिरंजिवांच्या खेळांना साधा १०८० चा, १४४ वेगाचा पडदा भरपूर होता. तो सव्वाशे डॉलरच्या आसपास मिळाला. पडदा ठरला आणि ४०९० आपोआप यादीतून खाली उतरले. आम्हाला 'नाही' म्हणावेच लागले नाही.

आता थोडे रसायनशास्त्र. दोन द्रव्यांची अभिक्रिया होते तेव्हा जे आधी संपते ते किती पदार्थ बनणार हे ठरवते. दुसरे कितीही ओता, उपयोग नाही. याचे घरगुती उदाहरण म्हणजे पुरणपोळी. पुरण पातेलेभर असले तरी कणीक संपली की पोळ्या थांबतात. काँप्युटरचेही तसेच. प्रोसेसर सेकंदाला ७० चित्रांची तयारी करू शकत असेल आणि कार्ड १४० रंगवू शकत असेल, तर पडद्यावर ७० च दिसणार. उरलेल्या ताकदीचे पैसे वाया. यातले कमी पडते कोण, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. खेळाच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार कमी करून पाहावा. वेग वाढला तर कार्ड कमी पडत होते. वाढला नाही तर बहुधा प्रोसेसर.

हा समतोल पाहून आम्ही रायझन ५ ७६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर आणि आरएक्स ७६०० हे ८ जीबीचे कार्ड घेतले. दोन्ही २०२३ सालची, त्यामुळे भाव थोडे उतरलेले. प्रोसेसरबरोबर पंखा खोक्यातच येतो, तो खर्च वाचला. त्याची बैठक 'एएम ५' प्रकारची आहे. तिच्या आधीच्या 'एएम ४' च्या बाबतीत २०१७ च्या कितीतरी मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत करून २०२० नंतरचे प्रोसेसरही बसवता आले होते. म्हणजे उद्या वेग कमी पडला तर सगळे न काढता फक्त प्रोसेसर बदलण्याची आशा. मेमरी ३२ जीबीची एक पट्टी न घेता १६ च्या दोन घेतल्या, कारण दोन पट्ट्यांनी प्रोसेसरकडे जायला दोन रस्ते मिळतात. मात्र बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन मेमरीचा खोक्यावर छापलेला वेग चालू करावा लागतो, नाहीतर ती मूळच्या कमी वेगानेच चालत राहते.

सर्वांत जास्त वेळ आम्ही घालवला तो पॉवर सप्लायवर, आणि चिरंजिवांना सर्वांत कंटाळवाणी वाटलेली वस्तूही तीच. तिने खेळाचा वेग एका चित्रानेही वाढत नाही. पण बाकी सगळे तिच्या जिवावर जगतात. आमच्या कार्डाला १६५ वॅट लागतात, प्रोसेसरला भर कामात नव्वदच्या आत, बाकी किरकोळ. बेरीज तीनशेच्या आसपास. कार्ड बनवणारे ५५० वॅटच्या पॉवर सप्लायची शिफारस करतात, कारण कार्डाची मागणी क्षणभर एकदम उसळते. आम्ही ६५० वॅटचा, '८० प्लस गोल्ड' शिक्क्याचा घेतला. निम्म्या भारावर तो सुमारे ९० टक्के कार्यक्षम असतो. म्हणजे आत ३०० वॅट हवे असतील तर भिंतीतून सुमारे ३३३ घेतो आणि ३३ ची उष्णता करतो. हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, आतल्या मालाच्या दर्जाचा नव्हे, हे लक्षात असू द्यावे.

आतल्या मालात मुख्य असतात कपॅसिटर, आणि हा आमच्या विषयाचा प्रांत. त्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये इलेक्ट्रोलाइट भरलेले असते. २००० नंतरच्या काही वर्षांत अनेक काँप्युटरांचे कपॅसिटर वर्षा-दोन वर्षांत फुगून फुटू लागले होते. इलेक्ट्रोलाइटमध्ये अ‍ॅल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवणारी द्रव्ये नीट मिसळलेली नव्हती, त्यामुळे आत हायड्रोजन वायू तयार होई. चांगल्या कपॅसिटरचेही वय उष्णतेवर अवलंबून असते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर आणि खेळती हवा असलेले कॅबिनेट, या दोन गोष्टींत काटकसर करू नये.

आणि लेबल वाचावे. आमच्यावर '१००–२४० व्होल्ट, ५०–६० हर्ट्झ' असे छापलेले आहे, म्हणजे इथले १२० व्होल्ट आणि भारतातले २३० दोन्ही त्याला चालतात. काही स्वस्त पॉवर सप्लायना मागे ११५ आणि २३० चा लाल खटका असतो. तो ११५ वर राहून गेला आणि भारतात लावला तर धूर निघतो. भारनियमनाच्या काळात वाढलेल्यांना विजेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. चिरंजिवांनी लेबल मोठ्याने वाचले, तिसऱ्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि म्हणाले, "म्हणजे चालेल." त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी लवकर झोपले.

जुळणीला एक रविवार लागला. कॅबिनेट साठ डॉलरचे, 'इथे सोडायचे' या रकान्यातले. पत्र्याचा डबा लॅमिंग्टन रोडवरही मिळतो. बाकी सगळे एका केबिन बॅगेत मावेल असे. प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट म्हणजे सिलिकोन तेलासारख्या द्रवात झिंक ऑक्साइड किंवा अ‍ॅल्युमिना यांची पूड. गोंद नव्हे. दोन धातूंमधल्या बारीक खड्ड्यांत हवा अडकते, आणि हवा उष्णतेची वाहक म्हणून अगदी निकामी. तिला हाकलण्यापुरतेच पेस्टचे काम. वाटाण्याएवढा थेंब पुरे. पट्ट्या हातात घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत तर नक्कीच. आणि पडद्याची वायर मदरबोर्डाला न लावता कार्डालाच लावावी.

साठपैकी अठ्ठेचाळिसाव्या दिवशी नव्या कंपनीने आमचा अर्ज दाखल केला. गाव बदलले, घर लहान झाले, आणि काँप्युटर आला तो गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून, चिरंजिवांच्या शेजारी. शनिवारी रात्री नाशिकचा फोन चालू झाला. तीन रकान्यांचा कागद आम्ही फेकलेला नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या घरांत तो सोफा घेतानाही उपयोगी पडतो.

आमची यादी मात्र कोणी उतरवून घेऊ नये. २०२० ते २०२२ मध्ये कार्डांचे भाव गगनाला भिडले होते, २०२५ अखेर मेमरीचे भडकले. नावे आणि किमती जुन्या होतात, प्रश्न होत नाहीत. मुलाने यादी आणली की आधी विचारावे : काय खेळणार, कोणत्या पडद्यावर, कोणाबरोबर? मग कणीक आणि पुरण यांचा मेळ पाहावा, आणि वाचलेल्या पैशांतले थोडे पॉवर सप्लायवर घालावेत. एवढे करून जो कागद तयार होईल तो घेऊन कोणत्याही रविवारी आमच्याकडे यावे. स्क्रू ड्रायव्हर आमचा, चहा सौ.चा. मुलाला मात्र नक्की आणावे, कारण मोठ्या माणसांच्या बोटांना त्या बारीक पिना सापडत नाहीत.