ज्याचा आवाज ठाऊक, त्याचं नाव नंदू भेंडे

नंदू भेंडे हे नाव आमच्या मालेगावात सहसा कुणाला ठाऊक नसतं. पण १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मधलं, कृष्णाला साद घालणारं गाणं म्हटलं की पन्नाशीतली माणसं लगेच मान डोलावतात. बप्पी लाहिरींच्या संगीतातलं ते गाणं नंदूंनी गायलं होतं. माझ्या मामूंच्या कॅसेटवर ते होतं. मामूंना गाणं पाठ होतं, गायकाचं नाव मात्र कधी कळलं नाही.

नंदू हे मराठी रंगभूमीवरचे आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. आशाताई माहेरच्या लिली इझिकेल, बेने इस्रायली समाजातल्या. इंग्रजी कवी निस्सिम इझिकेल हे नंदूंचे मामा. घरात मराठी नाटक आणि आजोळी इंग्रजी कविता, अशा वातावरणातला हा मुलगा ‘व्हेलवेट फॉग’, ‘सॅव्हेज एन्काउंटर’ अशा बँडमधून इंग्रजी रॉक गाऊ लागला. १९७४ साली अलेक पदमसींनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाट्य उभं केलं. त्यात नंदू ज्यूडास झाले. येशूला दगा देणाऱ्या या शिष्याचं मन त्या नाटकात गाण्यांतून उलगडतं. भूमिका अवघड आणि गाणी त्याहून अवघड.

पण त्या काळी आपल्याकडे रॉक गाऊन पोट भरणं कठीण होतं. रेडिओ सिनेमाच्या गाण्यांनी भरलेला. रॉकवाल्यांना मोठ्या शहरांतली कॉलेजं आणि हॉटेलं, एवढाच आधार. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं. जब्बार पटेल यांनी ते थिएटर अकादमीतर्फे बसवलं आणि नंदू त्यात अंकुश झाले. नाट्यसंगीत आणि तमाशाच्या शेजारी रॉकचा सूर मराठी रंगमंचावर उभा राहिला. पुढे त्यांनी दूरदर्शन मालिकांना आणि जाहिरातींना संगीत दिलं. ११ एप्रिल २०१४ रोजी ते गेले. वृद्ध वडील त्यांच्यामागे दहा महिने जगले.

या माणसाविषयी मला जिव्हाळा वाटतो, त्याला कारण आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते आणि मराठीत लिहिते. कार्यक्रमात कुणी कौतुकानं म्हणतं, ‘‘मुस्लिम असून किती छान मराठी बोलता!’’ नात्यातली मंडळी विचारतात, ‘‘रोटी उर्दू की खाती, और लिखती मराठी में?’’ एक कौतुक, एक टोमणा, पण दोन्हींत समजूत एकच. भाषा म्हणजे एकेका जमातीच्या नावावर असलेला सातबारा! बी.एड.ला आम्ही मातृभाषेतून शिक्षणाचं महत्त्व शिकलो. ते खरंच आहे. पण आमच्या मुलांची घरची बोली ना पुस्तकातली उर्दू, ना पुस्तकातलं मराठी. तिच्यात अहिराणी आणि दखनी एका ताटात जेवतात.

गेल्या वर्षी दहावीतली एक मुलगी मराठी वक्तृत्व स्पर्धेत नाव द्यायला तयार नव्हती. ‘‘सब हसेंगे आपा,’’ म्हणाली. मी तिला नंदूंची गोष्ट सांगितली. मराठी घरातल्या मुलानं इंग्रजीत गायलं, मराठीत गायलं, हिंदीतही गायलं, कुणाची परवानगी मागितली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मंग उनका नाम कायको नै हुआ आपा?’’

पोरीचा प्रश्न बिनतोड होता. मी तिला खोटा दिलासा दिला नाही. सांगितलं, नाव होणं बाजाराच्या हातात असतं, गाणं आपल्या हातात. बाजाराचा कौल येईपर्यंत गप्प बसलं तर आपला आवाज आपल्यालाही कळत नाही.

तिनं नाव दिलं. दोन-तीन जण हसले. ती क्षणभर थांबली आणि भाषण पुरं करूनच खाली उतरली. बक्षीस मिळालं नाही. आता ती अकरावीला आहे. तिथल्या स्पर्धेत तिनं नाव दिलंय, यंदा न विचारता.