जानवशाची खोली

जबलपुरातल्या आमच्या मराठी घरांत लग्न ठरलं की वऱ्हाडाचा जानवसा शोधायचं काम माझ्याकडे येतं. नागपूर-पुण्याकडचे पाहुणे मदन महल स्थानकावर उतरतात, म्हणून हॉटेलही त्याच बाजूचं बघायचं. मला हे काम मनापासून आवडतं.

लॉबीत मी फार थांबत नाही. झुंबर, संगमरवर, काचेचा जिना यांवर खर्च झालेलाच असतो. वर खोलीत जातो, चपला काढतो आणि पलंगावर बसतो. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. प्रवासानं सुजलेली पावलं घेऊन आत्याबाई रात्री दोनदा उठणार. पलंग उंच असला तर त्यांना अंधारात आधार शोधावा लागतो. उशाशी हात नेला की दिव्याचं बटण लागतं का? न्हाणीघरात ओली नऊवारी टाकायला दांडी आहे का? दिवा 6500 केल्विनचा पांढराफटक असेल तर हळदीच्या दिवशी नवरीसुद्धा आजारी दिसते. 2700 चा पिवळसर उजेड माणसाला माणसासारखं दाखवतो.

आणि मी छताकडे बघतो. 22 मे 1997 चा भूकंप मध्यरात्रीनंतर, सगळे झोपेत असताना झाला. तो ज्यांनी सोसला, त्यांना उशीवर लटकलेलं जड झुंबर आजही झोपू देत नाही. इथल्या टेकडीवरची तोल सावरून उभी असलेली शिळा त्या रात्री जागची हलली नाही, हे आम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगतो. खोलीचं छत मात्र साधंच हवं.

जेवणघरात माझा जीव जास्त गुंततो. टेबल साधारण 75 सेंटिमीटर, खुर्चीची बैठक 45, एवढं अंतर असलं की ताठ बसून पोटभर जेवता येतं. हल्ली तिथे मऊ, खोल सोफे मांडतात. त्यात माणूस बुडतो, ताट छातीशी येतं आणि वरणभाताचा घास सदऱ्यावर सांडतो. वर काच आणि फरशीवरून आवाज उसळत राहतो. कमी ऐकू येणारे आजोबा सगळ्यांच्या मध्ये बसूनही एकटे पडतात. हे मला फार लागतं. जाड पडदे लावले, तरी पुष्कळ फरक पडेल.

इंडियन कॉफी हाऊसमध्ये सजावट अशी नसतेच. 1957 च्या सुमारास कॉफी बोर्डानं आपली उपाहारगृहं बंद करायला घेतली, तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवली. जबलपूरची संस्था त्याच परंपरेतली. साधी टेबलं, डोक्यावर पंखा, फेट्याला तुरा लावलेला वाढपी. एका कॉफीवर कितीही वेळ बसा, कुणी उठवत नाही.

टेकडीवरचा मदन महल हा गोंड राजा मदनसिंहाच्या नावाचा छोटासा किल्ला, एका प्रचंड शिळेवर चढवलेला. आत दालनं म्हणावीत तर अगदी मोजकी. पण मे महिन्यात खाली शहर भाजत असताना त्याच्या कमानीत बसावं. जाड भिंतीची सावली पाठीवर येते, वारा समोरून लागतो. या उन्हाची ओळख असलेल्या माणसांनी ती जागा बांधली आहे. खाली स्थानकाजवळच्या कित्येक नव्या खोल्यांची खिडकी उघडतच नाही, वीज गेली की दहा मिनिटांत जीव घाबरा होतो.

यंदाच्या मार्गशीर्षातल्या लग्नासाठी मी एका जुन्या हॉटेलच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोल्या धरल्या आहेत. भिंतींचा रंग उडालाय, लॉबी तर नाहीच. खिडक्या उघडतात, पलंग ठेंगणे आहेत, आणि जेवणघरात हातांच्या लाकडी खुर्च्या मांडायचं मालकांनी कबूल केलंय. पुण्याची मंडळी नाक मुरडतील कदाचित. आत्याबाईंना मी आजच फोन करून सांगणार आहे.